मदत हवी आहे: रात्री कार्टून संपल्यावर लागणारं टीएनटी चॅनेल कोणाला आठवतंय?

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म सोसायटीसाठी जुन्या सिनेमांची चॅनेल्स कशी बदलत गेली यावर टिपण लिहितेय. अमेरिकेवरचा भाग लिहून झालाय. तिथलं 'अमेरिकन मूव्ही क्लासिक्स' १९८४ साली सुरू झालं, तेव्हा जाहिराती नव्हत्या. पुढे त्या आल्या, २००२ मध्ये नावातले 'क्लासिक्स' गेले, नुसतं 'एएमसी' उरलं. २००७ च्या 'मॅड मेन'नंतर तर ओळखच मालिकांची झाली. याउलट १९९४ चं 'टर्नर क्लासिक मूव्हीज' म्हणजे टीसीएम आजही जुनेच सिनेमे दाखवतं, मध्ये जाहिरात न घालता. मला वाटतं, खरा फरक मालकीचा. टीसीएम सुरू करणाऱ्या टेड टर्नर यांनी १९८६ मध्येच हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा जुन्या सिनेमांचा संग्रह घेऊन ठेवला होता. एएमसीला सिनेमे भाड्याने आणावे लागत.

अडलंय ते आपल्याकडचं. नव्वदीत कार्टून नेटवर्कच्याच जागी रात्री टीएनटी लागायचं, नंतर तिथे टीसीएम आलं. आई स्वयंपाक आवरून ते कृष्णधवल सिनेमे बघत बसायची, म्हणून मला हा भाग नीट लिहायचाय. त्या काळातली वर्तमानपत्रांतली टीव्ही कार्यक्रमांची कात्रणं किंवा व्हीएचएस रेकॉर्डिंग कोणाकडे आहे का? तुमच्या गावात टीएनटी किती वाजता सुरू व्हायचं आणि नाव कधी बदललं, एवढं सांगितलंत तरी फार मदत होईल.