बीझेड रिअ‍ॅक्शनची वर्तुळं थांबतच नाहीत, ह्याला ट्युरिंग पॅटर्न म्हणायचं का?

खानापूरकर: नमस्कार मंडळी, मी बेळगावात बीएस्सीला आहे. परवा लॅबमध्ये बीझेड केली, म्हणजे बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की रिअ‍ॅक्शन, जिचा रंग आपोआप पुन्हा पुन्हा बदलतो: ब्रोमेट, मॅलोनिक अ‍ॅसिड, सल्फ्युरिक अ‍ॅसिड, थोडं ब्रोमाईड आणि लाल-निळा रंग दाखवणारं फेरोइन. पेट्री डिशमध्ये पातळ थर ओतला, सगळं लाल, मग मधेच एक निळा ठिपका उठला आणि त्यातनं वर्तुळं बाहेर सरकायला लागली, एकामागं एक, मी तासभर तिथनं हललो नाही. दोन वर्तुळं भिडली की दोन्ही तिथंच गायब! सेमिनारला ट्युरिंग पॅटर्न, म्हणजे रसायनं पसरता पसरता आपोआप उमटणारी नक्षी, म्हणून हेच दाखवणार होतो, पण पुस्तकात ट्युरिंगचे ठिपके जागेवर थांबलेले असतात. माझं काय चुकलं सांगा की.

चिकोडीवाला: काही चुकलं नाही, त्या लाटा आहेत, ट्युरिंग नव्हे. ऊस तुटून गेल्यावर पाला पेटवतात तो बघितलायस ना, दोन बाजूंनी पेटवला की जाळ मधे भिडतो आणि विझतो, कारण पुढं जळायला उरतच नाही काही. इथंही लाट गेली की ती जागा थोडा वेळ पेटत नाही. फरक एवढाच की डिशमधली राख परत पाला होते, म्हणून पुढची लाट येते.

गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगनं १९५२ च्या पेपरात मांडलं ते वेगळं. एक पदार्थ स्वतःला वाढवतो आणि स्वतःच्या विरोधकालाही, आणि विरोधक त्याच्यापेक्षा खूप भरभर पसरतो. म्हणजे ठिपका जागेवर टिकतो, पण शेजारी दुसरा उठू देत नाही. साध्या पाण्यात छोटे रेणू जवळपास सारख्याच वेगानं पसरतात, तिथंच घोडं अडतं.

निपाणी_केमिस्ट्री: बरोबर, आणि म्हणूनच प्रयोगात ते दिसायला १९९० उजाडलं, फ्रान्समध्ये बोर्डोला, क्लोराईट-आयोडाईड-मॅलोनिक अ‍ॅसिड घेऊन, जेलीसारख्या घट्ट थरात, म्हणजे जेलमध्ये. मला ह्यातली सगळ्यात आवडती गोष्ट स्टार्चची. तो घातलेला रंग दिसावा म्हणून, पण त्याचा मोठा रेणू जेलमध्ये अडकून बसतो आणि आयोडाईडला धरून ठेवतो, म्हणजे वाढवणारा, इथं आयोडाईड, आपोआप मंदावला आणि विरोधक मोकळा सुटला! हे नंतर लेंगेल आणि एपस्टाईन ह्या रसायनशास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं. अजूनही वर्गात सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

खानापूरकर: सर, स्टार्चचं माहीतच नव्हतं! मग कॉलेजात अगारच्या जेलवर ओतून जमेल काय?

निपाणी_केमिस्ट्री: एकदा ओतून भागत नाही बाळा, जेलला बाहेरनं ताजं द्रावण सतत पुरवावं लागतं, नाहीतर रसायनं संपून पॅटर्न विरून जातो. तू बीझेडच दाखव, पण लाटा म्हणून. डिशखाली ग्राफ पेपर ठेव, दर अर्ध्या मिनिटाला फोटो काढ, वेग मिलिमीटरमध्ये मोजता येईल. आणि डिशला धक्का लागू देऊ नको.

खानापूरकर: सोमवारी करतो सर, फोटो इथंच टाकतो.