‘बेन-हर’, ‘क्वाय’, ‘ग्रेट एस्केप’: जुन्या साहसपटांचे कौतुक अनाठायी आहे का?

बोरूबहाद्दर:
निशाचर यांच्या कालच्या लेखाचा सूर असा, की १९५० आणि ६०च्या दशकांतले हॉलिवूडचे साहसपट संथ व फुगवलेले होते आणि तेव्हा संगणक नव्हता या लाचारीलाच आपण आज कला म्हणून मिरवतो. उत्तर लिहिता लिहिता लांबले, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे. ‘बेन-हर’ (१९५९) मधली रथांची शर्यत पुन्हा पाहावी. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत १८ एकरांचे रिंगण खरोखर उभारले होते आणि त्यात चार-चार घोड्यांचे रथ खरोखर धावत होते. मोडून पडलेल्या रथावरून उडी घेताना नायक चार्लटन हेस्टनच्या जागी असलेला स्टंटमन जो कनट उसळून रथाच्या पुढे फेकला गेला, कसाबसा लोंबकळत राहिला आणि हनुवटी फोडून घेऊन वाचला. हे ठरलेले नव्हते. दिग्दर्शकांनी तो अपघात तसाच ठेवला आणि हेस्टन पुन्हा वर चढतो आहे असा तुकडा नंतर चित्रित करून त्याला जोडला. ज्या प्रसंगात प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरतो, तो प्रसंग लाचारीतून आला असे म्हणणे मला तरी पटत नाही.

निशाचर:
आपण साडेतीन तासांच्या चित्रपटातली नऊएक मिनिटे निवडलीत, यातच माझा मुद्दा सिद्ध होतो. शिवाय ती मिनिटे चित्रपटाचे दिग्दर्शक विल्यम वायलर यांची नव्हेत. ती अँड्र्यू मार्टन आणि जोचे वडील याकिमा कनट यांनी चित्रित केली, हे आपण सोयीने गाळलेत. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) च्या वेळी सेटवरच्या पाण्यात काम करून अभिनेता डेव्हिड निव्हेनला संसर्ग झाला आणि तो गंभीर आजारी पडला. कुणाचा तरी जीव टांगणीला लागला होता म्हणून दृश्य थोर ठरत असेल, तर जत्रेतल्या मौत का कुआँलाही ऑस्कर द्यायला हवे होते.

सह्यकडा:
मी ‘नॅव्हरोन’ पुण्याला अलका टॉकीजमध्ये पाहिला, तेही वडिलांना न सांगता. इंग्रजी संवाद निम्मेसुद्धा कळले नाहीत, पण कडा चढतानाचा तो पाऊस मला आजही आठवतो. पुढे सह्याद्रीत पहिला दोर बांधला तो त्याच चित्रपटामुळे. निशाचर यांनी आधी एकदा पावसात कडा चढून पाहावा आणि मग ‘संथ’ हा शब्द वापरावा.

अबोली:
आपण सगळे दोर आणि रथ खरे होते की नाही यावर भांडत आहोत. गोष्ट खरी होती का, हे कुणीच विचारत नाही. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) साठी श्रीलंकेत, कितुलगलाला, खरा पूल बांधून खरी आगगाडी त्यावरून घातली आणि तो उडवला, याचे गोडवे मी लहानपणापासून ऐकते आहे. मात्र तो पूल ज्या रेल्वेवरचा दाखवला आहे, त्या दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बांधून घेतलेल्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर १२,००० हून अधिक युद्धकैदी मेले, तर आशियाई मजूर अंदाजे ९०,००० मेले आणि त्यांत मलायाच्या रबरमळ्यांतून नेलेले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने होते. चित्रपटात ते जवळजवळ नाहीतच. माटुंग्याला आमच्या शेजारी एक तमिळ आजी राहत असत. त्यांचे वडील त्या रेल्वेवर नेले गेले आणि परतले नाहीत. टीव्हीवर हा चित्रपट लागला की आजी उठून स्वयंपाकघरात जात.

सह्यकडा:
अबोलीताई, आजींबद्दल आदर आहे, परंतु चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. मूळ कादंबरीच काल्पनिक आहे. कैदेत जपान्यांसाठी पूल बांधणाऱ्या एका हट्टी ब्रिटिश कर्नलची शोकांतिका दोन तासांहून जास्त वेळ इतक्या ताकदीने दाखवणाऱ्या दिग्दर्शक डेव्हिड लीनकडून आपण मजुरांची जनगणनाही मागणार का?

अबोली:
‘ताई’ म्हणून समोरच्याचा आवाज खाली आणण्याची ही रीत जुनी आहे. आपल्याकडे एखाद्या ऐतिहासिक मराठी चित्रपटात पगडीचा पीळ चुकला तरी इथेच दोनशे प्रतिसाद पडतात आणि त्यांत आपला आवाज सर्वांत मोठा असतो. तेव्हा कुठे जाते हे कलास्वातंत्र्य? आणि ज्या कर्नलला आपण शोकांतिकेचा नायक म्हणता, त्याच्या जागी प्रत्यक्षात असलेले फिलिप टूसी जपान्यांचा पूल मन लावून बांधत नव्हते. त्यांच्या हाताखालच्या कैद्यांनी लाकडी खांबांत वाळवी नेऊन सोडली होती. चित्रपट पाहून त्या छावणीतून वाचलेले लोक उगाच संतापले नाहीत. कहर म्हणजे चित्रपट गाजल्यावर पर्यटक शोधत येऊ लागले, तेव्हा थायलंडने पुलाखालच्या नदीचे नावच बदलून ख्वे याई करून टाकले.

निशाचर:
माझ्या लेखावरचा धागा माझ्या बाजूने वळलेला पाहून संतोष झाला. त्याच चित्रपटाचे पटकथेचे ऑस्कर मूळ कादंबरीच्या ज्या लेखकाला, पिएर बूल यांना, मिळाले, त्यांनी ती पटकथा लिहिलीच नव्हती. ती लिहिणारे कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते म्हणून त्यांची नावे गाळली आणि दोघे वारल्यावर त्यांना तो मान देण्यात आला.

बोरूबहाद्दर:
धागा आपल्या बाजूने मुळीच वळलेला नाही. आपण ‘संथ’ म्हणालात, अबोली ‘खोटे’ म्हणत आहेत. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दुसरीला माझ्याकडे उत्तर नाही, एवढे मानतो. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) चेही तेच आहे. १९४४च्या मार्चमध्ये जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून ७६ जण भुयारातून निसटले, तिघे सुटले, ५० जणांना गोळ्या घातल्या. निसटलेल्यांत अमेरिकन एकही नव्हता आणि मोटारसायकल तर नव्हतीच. तरीही तारेच्या कुंपणावरून स्टंटमन बड एकिन्सने मोटारसायकलवर मारलेली ती उडी आणि पाठलाग करणाऱ्या जर्मन शिपायाच्या वेशातही स्वतःच गाडी चालवणारा नायक स्टीव्ह मॅक्वीन यांना मी संथ म्हणू शकत नाही.

अबोली:
उडी उत्तमच आहे. ती मारणाऱ्याला अमेरिकन का करावे लागले, एवढे सह्यकडा यांनी सांगावे.

सह्यकडा:
तिकिटे अमेरिकेत खपवायची होती म्हणून; यात कसले आले रहस्य? अलकाच्या त्या बाल्कनीत आम्हाला त्याचे काही वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. पगडीचे मात्र वाटते आणि वाटणारच.