‘घरघर’ की ‘रडणे’? जुन्या जीपच्या आवाजांसाठी मराठी शब्द

प्रश्नकर्ता:
जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या बाळगणाऱ्या आमच्या मित्रमंडळासाठी, आवाजावरून दोष ओळखण्याचा एक इंग्रजी तक्ता मी मराठीत आणत आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या दातेरी चक्रांच्या, आवाजाला तिथे ‘व्हाइन’ म्हटले आहे. मी ‘घरघर’ असे लिहिले. कुर्ल्याच्या माझ्या मिस्त्रींनी त्या ओळीवर काळे बोट ठेवून सांगितले, “साहेब, घरघर बेअरिंगची. क्राउन-पिनियन घरघरत नाही, रडतं.” क्राउन-पिनियन म्हणजे डिफरन्शियलमधली मुख्य दातेरी जोडी. मग त्यांनी माझी सीजे-3बी जीप आरे कॉलनीच्या रस्त्यावर नेली. ॲक्सिलरेटर दाबलेला असेपर्यंत मागून एक बारीक, एकसुरी आवाज येत होता आणि पाय उचलताच तो नाहीसा होत होता. हे त्यांचे रडणे. त्याखाली दुसरा एक जाडसर आवाज होता. त्याला पायाशी काही देणेघेणे नव्हते, पण स्टिअरिंग किंचित डावीकडे वळवले, भार उजव्या चाकावर गेला की तो वाढत असे. ही घरघर, म्हणजे उजव्या चाकाचे बेअरिंग. तक्त्यात ‘रडणे’ लिहावे का, की याहून नेमका शब्द आहे?

दादरकर:
‘घरघर लागणे’ हे आपण शेवटच्या श्वासासाठी म्हणतो, त्यामुळे झिजून संपत आलेल्या बेअरिंगला तो शब्द शोभतो. मिस्त्रींचा कान पक्का आहे. माझा आक्षेप निराळा आहे. आवाजाच्या एका शब्दासाठी आपण इतका जीव टाकता आणि ‘डिफरन्शियल’, ‘ट्रान्समिशन’ मात्र तसेच राहू देता, हे मला पटत नाही. ‘विभेदक’ आणि ‘पारेषण’ हे शब्द उपलब्ध आहेत. सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज कोणालाही खटकत नाहीत. शब्द वापरल्याशिवाय रुळणार कसा?

कांदिवलीकर:
‘पारेषण’ विजेने केव्हाच घेतला आहे. 2005 साली वीज मंडळाचे विभाजन होऊन ‘महापारेषण’ ही कंपनी निघाली, तेव्हापासून तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मनोरे आणि तारा येतात, गिअरबॉक्स येत नाही. माझे वडील इथल्या जीपच्या कारखान्यात फिटर होते. आमच्या घरी ‘हौसिंग’ (एक्सलचे बाहेरचे कवच), ‘क्रॉस’ (शाफ्टचा सांधा), ‘प्ले आला’ (ढिलेपणा आला), ‘पाना दे’ हीच भाषा होती आणि ती मराठीच होती. हा तक्ता हातात धरून कोणीतरी गाडीखाली उताणे पडणार आहे. ‘विभेदक’ वाचून त्याने आधी कोश उघडावा, अशी अपेक्षा आपण करू नये.

लालबागकर:
माझे गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि आजोबांची बैलगाडी होती, म्हणून ‘करकर’ या शब्दाची बाजू मांडतो. वंगण सुकले की गाडी करकरत असे. जीपमध्ये त्याची खरी जागा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने मागच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, क्रॉसला आहे. क्रॉसमधले ग्रीस संपले की आधी हळू वेगात बारीक करकर ऐकू येते आणि टोपीच्या कडेला विटकरी भुकटी दिसते. सीजे-3बीच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर 5.38 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाचांहून अधिक फेरे होतात. म्हणून शाफ्टच्या आवाजाचे ठोके चाकाच्या आवाजापेक्षा तितकेच जलद पडतात, आणि कानाने हा फरक पकडता येतो.

यावरून मला असे वाटते की खडखड, करकर, टकटक हे जोडशब्द ठोके मोजणारे आहेत. पहिल्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना एकदाच वाजते तो ‘खटका’, आणि तिथे जोडशब्द चालणारच नाही. पिनियनच्या आवाजाला ठोका नाही, म्हणून तिथे ‘सूर’ हवा. ‘हौसिंगला सूर लागला’ असे लिहावे.

दादरकर:
‘सूर लागणे’ ही गवयाची स्तुती आहे, ती दोषाच्या तक्त्यात नको. शिवाय आपल्या नियमाला ‘गुणगुण’ आणि ‘भुणभुण’ अपवाद ठरतात. तिथे जोडशब्द आहे, पण ठोका नाही. खुद्द मिस्त्रींची ‘घरघर’ही अखंडच आहे. मात्र बैलगाडीची आठवण काढलीत हे उत्तम केलेत. ‘एक्सल’ला ‘आस’ हा आपला जुना शब्द आहे, संस्कृत ‘अक्ष’पासून आलेला. निदान तो तरी तक्त्यात यावा.

प्रश्नकर्ता:
‘भुणभुण’चा मुद्दा मान्य आहे. ‘आस’ घ्यायला मात्र माझी अडचण आहे. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. जीपमध्ये आतला शाफ्ट स्वतः फिरून चाकाला फिरवतो. जो भाग फिरतो, त्याला न फिरणाऱ्या भागाचे नाव दिले, तर आवाज कुठून येतो हे शोधणारा माणूस चुकीच्या जागी कान लावील.

लालबागकर:
मग ‘आस’ बाहेरच्या हौसिंगला द्या. ते फिरत नाही, गाडीचा भार पेलते, आणि आजोबांच्या गाडीतला आसही तेवढेच काम करत असे. ‘भुणभुण’बद्दल मी विचार करून लिहीन, कारण अजूनही मला त्यात फार जलद ठोके ऐकू येतात.

कांदिवलीकर:
हौसिंगला ‘हौसिंग’च राहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे, तो शब्द आता पाना आणि मिस्त्री यांच्याइतकाच घरचा झाला आहे. पण बैलगाडीकडूनच घ्यायचे असेल, तर चाकाच्या मध्याला ‘तुंबा’ म्हणतात, आणि पुढची चाके त्यांच्या शाफ्टला जोडणाऱ्या किंवा सोडणाऱ्या लॉकिंग हबला आपल्याकडे सुटसुटीत नाव नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळलो की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, शाफ्टला पीळ बसतो आणि कचकन आवाज येतो. अशा वेळी फोर-व्हील काढा आणि ‘तुंबे मोकळे करा’, असे तक्त्यात लिहिले तर आपल्या मंडळींना कळेल का? लालबागकर, आपल्या गावी तुंब्याला दुसरे काही नाव होते का?