परत जायला घर तरी हवं!
घर सोडलं की तिकडे पुन्हा फिरकू नये, उगाच त्रास होतो, असं कुणीसं लिहिलंय. अर्धं पटलं. आम्ही फोंड्याहून पुण्याला आलो त्याला बारा वर्षं झाली. मध्यंतरी जुन्या भाड्याच्या घरावरून गेले, तर अंगणातली अबोली उपटून स्कूटरसाठी फरशी घातलेली. जीव खालीवर झाला.

पण मे महिन्यात एकदा गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या कुर्डीला जाऊन या. (गायिका मोगूबाई कुर्डीकर इथल्याच.) साळावली धरणात 1980च्या दशकात हे गाव गेलं, माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत वसवली. वर्षभर वर नुसतं पाणी. उन्हाळ्यात ते ओसरलं की भेगाळलेल्या चिखलातून जोती, विहिरी, झाडांचे बुंधे वर येतात आणि माणसंही येतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं कपेलाचं (छोट्या चर्चचं) फेस्त, म्हणजे सण, करतात.

मी गेले तेव्हा एक आजी नातवाला एका चौथऱ्यावर उभं करून सांगत होती, "हांगा आमची रांदन आशिल्ली." (इथे आमची चूल होती.) पोराचं लक्ष मोबाइलमध्ये. मग तिनं ओळख ना पाळख, मलाच हाक मारली, फणसाचे गरे हातावर ठेवले आणि विचारलं, "तुजें घर खंय आशिल्लें?" तिला वाटलं, मीही तिथलीच. मला काही 'नाही' म्हणवेना. लांबचं एक जोतं दाखवून मोकळी झाले.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. सावली नावाला नाही.