अनुभव धागा: हवामान, वीज आणि आपली ऑनलाईन भांडणं (कोल्हापूरकरांनो, लिहा)

धागा काढणारा, शुक्रवार पेठ

परवा गल्लीच्या ग्रुपवर परत तेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं, म्हणजे नुसती इशारा पातळी, धोक्याच्या ४३ ला अजून चार फूट बाकी, आणि इकडं भांडणानं केव्हाच धोका पातळी ओलांडलेली. पूर कशानं येतो यावर एक म्हणतोय कर्नाटकातलं अलमट्टी धरण, दुसरा म्हणतोय ग्लोबल वॉर्मिंग, तिसऱ्याला राधानगरी धरणाचे दरवाजे "कुणी" उघडले त्याचं नाव पाहिजे. अहो कुणी नाही उघडले, सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. एवढं लिहिलं तर मला "सरकारी चमचा" ही पदवी मिळाली. तर मंडळी, हवामान का बदलतंय, वीज कशापासनं करायची, यावरनं तुमचं कुणाशी वाजलंय? जिंकलेलं सगळेच सांगतात, हरलेलं सांगा.

निवृत्त मास्तर

हरलेलंच सांगतो. आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि घरच्या ग्रुपवर आपटलो. भाच्यानं लिहिलं, "मामा, सूर्यच जास्त तापलाय, माणसाचा काय संबंध?" मी तावातावात ओझोनच्या भोकातनं उष्णता आत येते असं लिहून मोकळा झालो. अकरावीतल्या पुतणीनं सगळ्यांदेखत धरलं, काका, ओझोन वेगळं प्रकरण, ते अतिनील किरणांचं. खरंच होतं. चार दिवस ग्रुपवर तोंड दाखवलं नाही. मग तिच्याकडनंच समजून घेतलं की सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थर पण तापले असते, प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय, म्हणजे घोंगडं पांघरल्यागत उष्णता खालीच अडकतीय. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमवरनं (दहा लाखात २८० भाग) ४२० च्या पुढं गेला त्यात ज्वालामुखीचा वाटा अगदी किरकोळ. कोळशा-तेलातला कार्बन कोट्यवधी वर्षं जुना, त्यात कार्बन-१४ (हळूहळू विरत जाणारा किरणोत्सारी कार्बन) शिल्लकच नसतो, त्यामुळं तो हवेत मिसळला की ओळखू येतो. हे सगळं भाच्याला सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं, अंगठा. पटल्याचा का गप बसा म्हणायचा, देव जाणे.

फाउंड्रीवाला, शिरोली

हवामान बदल मला मान्य आहे, आधीच सांगतो, नाहीतर अंगावर याल. माझं वाजतं ते "शेडवर सोलर टाका की" म्हणणाऱ्या पोरांशी. टाकलंय भावा. ऑफिस, लाईट, थोडीफार मशिनं निघतात. पण इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला पाचशेच्या वर युनिट जातात, आणि एक किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं. बसा भागाकार करत. रात्रपाळीला ऊन कुठनं आणू? मग कुणीतरी कोयनेचं नाव काढतो. १९६० मेगावॅट, संध्याकाळी मागणी वाढली की पटकन चालू करायला एक नंबर, पण वीज करून पाणी कोकणात उतरवायचं त्यालाही वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. हे सांगितलं की दुसरा म्हणतो मग अणुऊर्जा, रत्नागिरीतला जैतापूर प्रकल्प, आणि जैतापूर म्हटलं की आमचा रत्नागिरीचा मेव्हणा जागा होतो. मागच्या दिवाळीत फराळाला आला नाही. कारण विचारू नका.

बांधावरची, करवीर

मी बाईच हाय, "लिहितो" म्हणलो तर दचकू नका, कोल्हापूरची हाय. आमच्यात भांडण सौर पंपावरनं. दहा टक्के भरायचे, बाकी सरकार, मी म्हणलो घेऊया. दीर घरच्या ग्रुपवर लिहितोय, "वहिनी, साडेसात एचपीपर्यंत बिल माफ हाय, मग सोलर कशाला?" मी लिहिलं, बिल माफ हाय, साप माफ हाय का? रात्रीची लाईट आली की दोनला उठून बॅटरी घेऊन उसात हे जातात, दीर पुण्याला झोपलेला असतो. ग्रुप गार झाला. पंप बसला. आता खरं सांगतो, ढग आलं की मोटर रडतीया, पाणी पोटरीएवढं यायचं ते करंगळीएवढं येतंय. आणि दिवसा फुकट पाणी मिळतंय म्हणून आम्हीच इतकं सोडलं की एका तुकड्यातला ऊस पिवळा पडला. हे दिराला सांगितलेलं नाही, तुमच्यातच ठेवा.

बुलेटवाला

पेट्रोलमध्ये मिसळतात ते उसाचं इथेनॉल. एवढंच लिहितो कारण बीपी वाढतं. मी म्हणतोय गाडीचं ॲव्हरेज पडलं, त्यात उष्मांक पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, पडणारच. समोरचा जिवलग मित्र ऊसवाला, म्हणतोय तुझ्या दोन किलोमीटरसाठी माझं बिल बुडवू का. दोघं बरोबर आहोत हे दोघांनाही माहीत आहे. तरी भांडतो.

नाव नको

तीन ग्रुप सोडले. झोप छान लागते.

चिखलीकर

आमचं भांडण बाबांशी. २०१९ ला पाणी माळ्याला टेकलं, २०२१ ला परत. पंचगंगा दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर. मी गावच्या ग्रुपवर लिहिलं, हवा एक अंशानं तापली की सातेक टक्के जास्त वाफ धरती, त्यामुळं पाऊस आला की कोसळतोच. बाबांनी खाली लिहिलं, "पूर आम्ही २००५ लाबी बघितला, तवा कुणी हवा मोजत नव्हतं." पोरं हसली. मग अलमट्टीवाले आले, उंची ५१९.६ वरनं ५२४ मीटर केली तर आपण बुडणारच म्हणून. मी पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल टाकला, अलमट्टीला दोष नाही म्हणणारा. तो कुणी उघडला नाही हे नक्की, पाच सेकंदात शिव्या आल्या. ती उंची वाढवायला मात्र माझाबी विरोधच हाय, तेवढं लिहायला सुचलं नाही, तिथं चुकलो.

रात्री बाबा उंबऱ्यावर बसून म्हणाले, तुझी वाफ असंल खरी. पण निळ्या पूररेषेच्या आत, जिथं बांधायचं नसतं तिथं, हे बंगले उठले, ओढ्यात भराव पडला, ते काय अमेरिकेच्या धुरानं झालं? त्यांना सांगितलं, ते पण त्याच अहवालात लिहिलंय. बाबा म्हणाले, मग ते आधी टाकायचं की गाढवा.

दुसऱ्या दिवशी तेवढंच पान फोटो काढून टाकलं. अठ्ठेचाळीस लोकांनी बघितलं, त्यातले दोन भराववाले. अजून कुणी काही बोललं नाही.