वसतिगृहात मुलींची खरूज जातच नाहीये, काय करू?

नवी_अधीक्षिका
नमस्कार मंडळी. जूनपासून त्र्यंबकच्या पुढे एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून लागलेय. ४६ मुली, पहिली ते दहावी, जास्तकरून पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या. त्रास खरजेचा आहे. मी आले तेव्हा ८-१० जणींना होती. जिला झाली तिला तालुक्याला न्यायचं, मलम आणायचं, तिची जाते आणि पंधरा दिवसांनी परत येते, तोवर शेजारचीला झालेली असते. आता निम्म्याहून जास्त मुलींना आहे. पाऊस असा की कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, आणि गारठा म्हणून एका पांघरुणात दोघी दोघी झोपतात. रात्री हॉलमधे नुसता खरखर खाजवल्याचा आवाज. ट्रस्टचे लोक म्हणतात पावसाळ्यात होतंच, दिवाळीला घरी गेल्या की जाईल. मी नवीन, किती ताणून धरू? आणि मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीये, त्याने दोन दिवस बरं वाटतं मग अजूनच पसरतं, असं का होतंय?

कॉलेजरोडवाली
कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घाला ताई, आमच्याकडे सगळ्यांना त्यानेच जायचं.

स्किनवाला_डॉक
कडुनिंबाची आंघोळ घाला, हरकत नाही, पण खरजेचा किडा त्याने मरत नाही. ताई, आधी ती मेडिकलची ट्यूब बंद. तसल्या मिक्स मलमात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, खाज दबते, किडा मजेत राहतो.

परत परत का येते सांगतो. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे पण लागतात, म्हणजे ज्या मुली तुम्हाला ठणठणीत दिसतायत त्यातल्या बऱ्याच जणींच्या अंगावर किडा आहेच. तुम्ही एकेकीला औषध देताय, बाकीच्या तिला परत देतायत. म्हणून एकाच रात्री सगळ्यांना. ४६ च्या ४६, खाज असो नसो, शिवाय तुम्ही, स्वयंपाकवाल्या मावशी, तिथे झोपणारे सगळे. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, काखा, बेंबी, कंबर काही सोडायचं नाही, ८ ते १४ तास ठेवून सकाळी आंघोळ. मधे हात धुतले तर हाताला परत लावायचं. मग ७ दिवसांनी पुन्हा एकदा, हा दुसरा राउंड लोक विसरतात आणि तिथेच सगळं फसतं.

त्याच सकाळी कपडे, चादरी गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ३-४ दिवस बाजूला, अंगाबाहेर किडा २-३ दिवसांच्या वर जगत नाही. तुमच्याकडे वाळत नाही तर पिशवीचाच उपाय बरा. औषधानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते, घाबरून रोज रोज क्रीम चोपडू नका.

एक मात्र लक्ष ठेवा. खाजवून पू झाला असेल तर त्यावर वेगळं औषध लागतं. आणि अशा मुलीचा सकाळी चेहरा सुजलेला दिसला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, किडनीवर गेलेलं असू शकतं.

नवी_अधीक्षिका
डॉक्टर खूप आभार. पण हिशोब केला, आम्ही ५ जण धरून ५१ माणसं, दोन राउंड म्हणजे १०२ ट्यूबा. ट्रस्ट मला वेड्यात काढेल 😅

स्किनवाला_डॉक
लहान मुलींना अख्खी ३० ग्रॅमची ट्यूब लागत नाही, त्यामुळे एवढ्या नाही लागणार. आणि विकत कशाला घेता, लेटरहेडवर आकडा लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र द्या, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, पोच घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा येते त्यांनाही सांगा.

पेठचा_पोरगा
मी दहा वर्षं आश्रमशाळेत काढली. ताई एकच सांगतो, प्रार्थनेच्या वेळी "कोणाकोणाला खरूज आहे हात वर करा" असं नका करू, आमच्याकडे केलं होतं, ज्यांनी हात वर केला त्यांना वेगळं जेवायला बसवलं, मग पुढच्या वर्षी कोणीच हात वर केला नाही, मी पण नाही. आणि गाद्या खाली टाकत असाल तर पलंग मागा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, चावलेलं कळत पण नाही, पहाटे पोर पोट दुखतं म्हणून उठतं आणि सर म्हणतात काल जास्त खाल्लं असशील. पापण्या जड पडल्या, गिळता येईना झालं की थेट दवाखाना, भगताकडे वेळ घालवायचा नाही.

निवृत्त_रेक्टर_सिडको
डॉक्टरांनी औषधाचं बरोबर सांगितलं, पण ते लावणार कोण ते कोणीच बोललं नाही. अंगभर लावायचं म्हणजे मुली कपडे काढणार. मोठ्या मुली स्वतः लावतील, पाठीला मैत्रीण. लहानांना तुम्ही आणि मावशी, दोघी मिळून, एकटीने नाही आणि दाराला कडी नाही, पडदा लावा. वॉचमन, ड्रायव्हर, ट्रस्टी, कोणीही पुरुष त्या रात्री हॉलच्या बाजूला फिरकायचा नाही, कितीही "मदत" करायची असली तरी.

दुसरं, एक वही घाला. त्या रात्री कोणाच्या अंगावर काय दिसलं, तारीख टाकून. मी नोकरीत होते तेव्हा असंच मलम लावताना एका मुलीच्या मांडीवर छडीचे वळ दिसले होते. संस्था म्हणाली घरूनच घेऊन आली असेल. सुट्टीवरून आली तेव्हाची नोंदच नव्हती, मी काय दाखवणार? ती चूक माझीच. तेव्हापासून मूल गेटातून आत आलं की त्याच दिवशी तपासणी आणि सही. बालगृहांना तर दाखल झाल्यापासून २४ तासांत तपासणीचा नियमच आहे. तुमचं बालगृह म्हणून नोंदलेलं आहे की नुसतं वसतिगृह ते कागद काढून बघा, बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंद असेल तर दर ३ महिन्यांनी तपासणी समिती यायला पाहिजे, त्यात एक बाई आणि एक मेडिकल ऑफिसर असतातच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, मात्र सगळ्यांना सारखा, नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवायचं, "आपसात मिटवू" म्हणणारा संस्थाप्रमुख एक वर्ष आत जाऊ शकतो.

नवी_अधीक्षिका
अपडेट. केंद्रातून क्रीम मिळालं, थोडं कमी पडलं ते ट्रस्टने कुरकुरत दिलं. शनिवारी पहिला राउंड झाला, रविवारी सगळं वसतिगृह पिशव्यांनी भरलेलं, मुलींना गंमत वाटत होती.

पण रेक्टर मॅडम, एक विचारायचंय. पाचवीतल्या एकीच्या दोन्ही दंडांवर आतल्या बाजूला बोटांसारखे निळे डाग. विचारलं तर म्हणाली सायकलवरून पडले. आमच्याकडे सायकलच नाही, आणि ती जूनपासून घरी गेलेली नाही. वहीत लिहिलंय. मावशी म्हणतात जाऊ द्या, पोरी खेळताना लागतं.

निवृत्त_रेक्टर_सिडको
आता तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. रागावू नका, "खरं सांग" म्हणू नका, शोधाशोध करू नका, ते तुमचं काम नाही. आजच १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन, ते बाल कल्याण समितीपर्यंत नेतील. तिला आज रात्री तुमच्या खोलीशेजारी दोन मोठ्या मुलींसोबत झोपवा, एकटीला वेगळं काढू नका. कोणावर संशय असेल तो इथे लिहू नका.

नवी_अधीक्षिका
फोन केला. उद्या सकाळी येतायत. ट्रस्टला अजून सांगितलं नाहीये.

निवृत्त_रेक्टर_सिडको
उद्या ते लोक आल्यावर सांगा, लेखी. वहीच्या त्या पानाचा फोटो काढून स्वतःकडे ठेवा, कुठल्या ग्रुपवर टाकू नका. आणि शनिवारचा दुसरा राउंड चुकवू नका.