आळ ‘आला’ म्हणतो, मग गेला तर काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (वाळवा तालुका):
एक शब्द हवा आहे. त्यासाठी थोडं घरचं सांगावं लागेल.

आमचे दादा, म्हणजे वडील, गावातल्या विकास सोसायटीचे सचिव होते. १९९४ साली त्यांच्यावर अफरातफरीचा आळ आला. सहकार कायद्याच्या कलम अठ्ठ्याऐंशीची चौकशी लागली आणि ती सात वर्षं चालली. शेवटी निघालं काय, तर तीन भरणे किर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, बरोबर होते, पण खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, त्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या पानावर चढले होते. रुपयाही कुठं गेला नव्हता.

आता सोसायटीची स्मरणिका निघतेय. दादा जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्यावरच्या मजकुरात समितीने लिहिलंय, ‘पुढे ते या आरोपातून सुटले.’ हे ‘सुटले’ मला खुपतंय. निकालाच्या दिवशी पारावर हेच ऐकलं होतं, ‘सुटला बाबा एकदाचा.’ मटक्याच्या धाडीत सापडलेलाही जामिनावर सुटतोच की!

त्यानंतर दादांना कुणी वाकडं बोललं नाही. पण पूर्वी गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक दरवर्षी त्यांच्याकडं असायचं, ते पुन्हा कधी आलं नाही. मंडळाची पोरं दारात आली की दादा वर्गणी द्यायचे, पुस्तक हातात घ्यायचे, मागची स्थळप्रत उलटून कार्बन नीट उमटलाय का बघायचे आणि पुस्तक परत द्यायचे. त्यांची ती बोटं मला अजून दिसतात.

आळ, बालंट, किटाळ, कुभांड, तोहमत. यायला एवढे शब्द, मग जायला कोणता?

ऐरणीवरचा (तासगाव):
किटाळाचं मी सांगतो, आमचं घर लोहाराचं. किटाळ म्हणजे मुळात ठिणगी. तापलेल्या लोखंडावर घण बसला की उडते ती. आळ हा अर्थ त्यावरून आलाय. ठिणगी विझायला क्षण लागत नाही, पण धोतराला भोक पडतंच. माझ्या आज्याच्या प्रत्येक धोतराला मांडीवर अशी बारीक भोकं होती, कडेनं तपकिरी. आजी म्हणायची, ‘किटाळ धुऊन जात न्हाई, डाग असता तर गेला असता.’ म्हणून ‘निष्कलंक’ असलं काही लिहू नका. दादांवर डाग पडला नव्हता, त्यांना भाजलं होतं.

बाकी ‘बालंट’ आमच्याकडं अजून रोजच्या बोलण्यात आहे, ‘कुभांड’ रचलेलं असतं आणि ‘तोहमत’ अरबी-फारसीतून आलेली. फरक मोठा नाही.

काळा कोट (सातारा):
चाळीस वर्षं वकिली केली. ‘सुटला’बद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. त्यात ‘संशयाचा फायदा देऊन’ हे शब्द निकालात आले, की गाव त्यातला ‘संशय’ तेवढा उचलतं. पोलिसांची भाषा उलट फार नेमकी आहे. तपास संपवताना ते कोर्टाला ‘समरी’ अहवाल देतात. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, ‘बी’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी आणि ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. पण हा कागद कोर्टाच्या दप्तरात राहतो, पारावर कुणी वाचून दाखवत नाही.

एक खटला सांगतो. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना निर्दोष ठरवलं. गुन्हा २००३ चा, नाशिक जिल्ह्यातला. २००९ मध्ये याच न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली होती. सोळा वर्षं तुरुंगात गेली, भरपाई प्रत्येकी पाच लाख. त्या बातम्यांतही ‘सुटका’ हाच शब्द होता. सुटका आजारातून होते, संकटातून होते. ज्यांना मुळात आत टाकायलाच नको होतं, त्यांच्यासाठी तो अपुरा पडतो.

आणि आमच्या साताऱ्यात हे छत्रपतींच्याही वाट्याला आलं. प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधून इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असं सांगितलं. महाराजांनी सही केली नाही. १८३९ मध्ये गादी गेली, काशीला धाडलं आणि तिथंच १८४७ मध्ये ते वारले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडत राहिले, महाराज गेल्यावरही. इथं मराठी काय सुरेख फरक करते बघा. आळ अंगावर येतो, तो पदरात घेणं मात्र आपल्या हातात असतं. महाराजांनी घेतला नाही. तुमच्या दादांनीही घेतलेला दिसत नाही.

मिरजेची लेक:
मला शब्दापेक्षा क्रियापद खटकतंय. ‘आळ आला’ म्हणजे काय? पाऊस येतो, ताप येतो, तसा आळ येतो, जणू कुणी आणलाच नाही! ‘आळ घेतला’ म्हटलं की घेणारा दिसतो. स्यमंतकाच्या गोष्टीतसुद्धा आपण सगळा दोष चवथीच्या चंद्राला देऊन मोकळे होतो. आळ घेतला होता सत्राजिताने. श्रीकृष्णाला तो मणी हुडकायला जांबवंताच्या गुहेत जावं लागलं आणि भागवतात तर सोबतचे लोक बारा दिवस वाट बघून घरी परतले. मणी हातात ठेवल्यावर सत्राजिताची मान खाली गेली.

कृष्णाकाठ:
ताई, हे वाचून हातातलं काम राहिलं. आमची आई जाईपर्यंत आठवत बसायची, त्या वर्षी चवथीला यांनी चंद्र बघितला होता का, ओसरीवर कशाला बसू दिलं, खिडकी कुणी उघडी ठेवली. शेवटपर्यंत तिनं दोष चंद्राला आणि स्वतःला दिला, गावाला नाही.

‘आळ खोटा ठरला’ असं लिहावं असं आधी वाटलं होतं. पण ‘ठरला’ म्हटलं की ठरेपर्यंत तो खरा होता असं होतं. सात वर्षं तो खरा नव्हता, पहिल्या दिवशीही नव्हता.

समितीला आत्ताच दोन वाक्यं पाठवली:
‘आपण त्यांच्यावर आळ घेतला होता. तो खोटा होता.’

काळा कोट (सातारा):
‘आपण’ ते कापतील.

कृष्णाकाठ:
कापलं तर मजकूरच छापू नका म्हणून कळवलंय.